जुन्या दारूत दम किती?

हिंदमाता, नायगाव, परळ, लालबाग या पट्ट्यात सध्या माळे रिकामे होताहेत. इमारत पुनर्विकासाला जाते, खोली सोडायची तारीख ठरते आणि तीन पिढ्यांनी वर टाकलेलं सामान एखाद्या रविवारी खाली येतं. पितळी समई, गणपतीच्या मखराचे खांब, रॉकेलचा स्टो, गिरणीतल्या जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या. आणि एखाद्या घरात, विशेषतः ज्यांचं गाव तळकोकणात आहे किंवा ज्यांच्या घरात कोणी फौजेत होतं त्यांच्याकडे, गोधडीत गुंडाळलेला घट्ट झाकणाचा एक डबा. उघडला तर आत काळे किंवा राखाडी-हिरवट दाणे. नाहीतर बारा बोअरची आठ-दहा काडतुसं, कागदी नळीची, रंग उडालेली.

बंदूक केव्हाच गेलेली असते. कोणी ती जमा केली, कोणी परवान्यासकट काकांच्या नावावर करून घेतली. दारू तेवढी मागे राहिली. मग घरात दोन प्रश्न निघतात. धाकटा विचारतो, ‘अजून उडेल का?’ थोरला विचारतो, ‘काही किंमत येईल का?’

अमेरिकेत हे प्रश्न रोजचे आहेत. रिकाम्या काडतुसात घरच्या घरी पुन्हा दारू भरणं हा तिथे रुळलेला छंद आहे. वडील गेले की गॅरेजमधून अर्धे वापरलेले दारूचे डबे मुलांच्या वाट्याला येतात. आपल्याकडे सर्वसाधारण परवानाधारक तयार काडतूस घेतो, दुकानदार त्याची नोंद करतो आणि विषय तिथे संपतो. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट मात्र वेगळी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी ज्यांना परवाने मिळाले, ते वानर-डुकरांवर बार काढायचा तर दर वेळी स्वतःच दारू मोजत, ती नळीत ओतत, छर्रे टाकत, गजाने ठासत आणि केप लावत. उरलेली दारू डब्यात राही. चाकरमान्यांच्या घरात ती पोचली ती या वाटेनं.

उत्तरं मात्र दोन टोकांची मिळतात. एक म्हणतो, दारूला मरण नाही. दुसरा म्हणतो, हात लावाल तर हात जाईल. दोघंही आपापल्या डब्याबद्दल खरंच बोलत असतात, कारण त्या दोन डब्यांत एक वस्तू नसते. आपण ज्याला सरसकट बंदुकीची दारू म्हणतो त्यात दोन घराणी आहेत, एक काळी आणि एक बिनधुराची, आणि म्हातारपण दोघींना अगदी वेगळ्या तऱ्हेनं येतं. यावरची निम्मीअधिक भांडणं हा फरक न केल्यामुळे होतात.

आधी काळी. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं हे मिश्रण. तिन्ही पदार्थ एकमेकांना चिकटून बसलेले असतात, पण ठिणगी पडेपर्यंत कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. आपोआप विघटन होण्याचा प्रकार नाही. म्हणून तिला वय नाही. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही ती तशीच. 2008 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तोफगोळ्यांचा एक अनुभवी संग्राहक आपल्या घराच्या आवारात यादवी युद्धातला एक गोळा साफ करत होता. ते युद्ध संपून 140 वर्षं उलटून गेली होती. गोळा फुटला, तो गृहस्थ जागीच गेला आणि एक तुकडा पाव मैलावरच्या घराच्या ओसरीत जाऊन घुसला. ‘एवढी जुनी आहे, आता काय होतंय’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. जुनी काळी दारू ही बहुतेकदा निव्वळ दारूच असते.

तिचा वैरी एकच, ओल. सोरा पाण्यात विरघळतो. दमट हवेत दाण्यातला सोरा ओल धरतो आणि हवा कोरडी झाली की दाण्याच्या पृष्ठभागावर पांढुरका थर होऊन बसतो. कोळसा आत, सोरा बाहेर. वरवर पाहता दारू वाळलेली दिसते, पण कारखान्यात तासन्‌तास दळून-मळून तिघांची जी जवळीक साधलेली असते, ती मोडलेली असते. अशी दारू पेटते, फुरफुरते, पण जोरानं ढकलत नाही. गोळा होतो, गाठी होतात, त्या फोडायला गेलं की भुकटी होते आणि भुकटी दाण्यापेक्षा वेगळ्या वेगानं जळते. ‘दोन दिवस उन्हात टाका, होईल पूर्ववत’ हा सल्ला अनेकांच्या तोंडी असतो. हवेतली थोडी ओल त्यानं जाईल. एकदा भिजलेली दारू त्यानं परत येत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नवं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं ‘आज्ञापत्र’ गडकोटांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी इतकं बारकाईनं सांगतं की आजच्या नियमपुस्तिकेनं मान खाली घालावी. दारूखाना राहत्या घरांजवळ नको, घरांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या रेषेत नको. भोवती कुंपण हवं. आत तळघर, त्याला गच्चाची जमीन, जमिनीवर लाकडी माच आणि माचावर दारूची मडकी, म्हणजे जमिनीची सरद वर चढणार नाही. आणि खरी गोम पुढे आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून त्यांना ऊब द्यायची आणि पुन्हा मोहोर करून ठेवायची. म्हणजे दारू ही साठवून विसरायची वस्तू नाही हे तीनशे वर्षांपूर्वी कागदावर आलेलं होतं. आपण मात्र ती माळ्यावर टाकतो आणि पुढच्या पिढीच्या हवाली करतो.

घरांपासून लांब का, याचा दाखला सिंहगडावर आहे. पुणे दरवाज्यातून वर आलं की डाव्या-उजव्या हाताला पर्यटक भजी शोधत असतात आणि दारूकोठाराच्या दगडी इमारतीसमोरून सरळ निघून जातात. 11 सप्टेंबर 1751 रोजी या कोठारावर वीज पडली. गडावरच्या फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली माणसं गेली. मुंबईतही कंपनीच्या अमदानीत दारूची ठिकाणं वस्तीपासून दूर, पूर्वेच्या बंदरकाठाला होती. रे रोडच्या पलीकडे दारूखाना आणि पावडर बंदर ही नावं त्याचीच. आज तिथे भंगाराचा आणि पत्र्या-सळयांचा धंदा चालतो, पण हिंदमात्याहून टॅक्सीनं गेलात तर टॅक्सीवाला ‘दारूखाना’ याच नावानं ओळखतो.

आता हिंदमात्याचंच पाहा. पाणी तुंबण्याचं हे मुंबईतलं हुकमी ठिकाण. बशीच्या तळासारखा हा भाग. जोराचा पाऊस आणि समुद्राला भरती एकाच वेळी आली की कापडबाजारातले दुकानदार तागे वरच्या फळीवर चढवू लागतात. महापालिकेनं रे रोडला ब्रिटानिया उदंचन केंद्र उभारलं. पुढे प्रमोद महाजन उद्यान आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पावसाचं पाणी साठवायच्या मोठाल्या टाक्या केल्या. त्यानं फरक पडला, पण हवेतली दमटी काही कोणत्या टाकीत मावत नाही. जुलै-ऑगस्टात इथे मिठाला पाणी सुटतं, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. झाकण शंभर वेळा उघडझाप झालेल्या डब्यातली काळी दारू अशा हवेत चाळीस पावसाळे कोरडी राहिली असेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. आणि राहिलीच नसेल, असंही म्हणणार नाही. मेणानं बंद केलेला डबा निघाला तर दारू ताजीच समजावी.

दुसरं घराणं बिनधुराच्या दारूचं. 1884 साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानं ती सिद्ध केली, पाठोपाठ नोबेलची बॅलिस्टाइट आली आणि 1889 साली इंग्रजांचं कॉर्डाइट. गेल्या शतकभरातलं जवळपास प्रत्येक रायफलचं, पिस्तुलाचं आणि बारा बोअरचं काडतूस यातल्याच कोणत्या तरी जातीनं भरलेलं असतं. तिचा मूळ कच्चा माल ऐकून गिरणगावातल्या माणसाला गंमत वाटेल. कापूस. ज्या कापसाचं सूत परळ-लालबागच्या गिरण्यांनी काढलं, त्याच कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया होऊन नायट्रोसेल्युलोज बनतं.

हे मिश्रण नाही, संयुग आहे, आणि स्वभावतःच डळमळीत. तयार झाल्या दिवसापासून ते कणाकणानं मोडत असतं. मोडताना नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात, ओलीशी गाठ पडली की त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या मालाला आणखी वेगानं मोडतं. या सगळ्यात उष्णता निर्माण होते. डबा लहान असेल तर ती निघून जाते. ढीग मोठा असेल तर आत कोंडते, आणि एका क्षणी कोणी काडी न लावता ढीग पेटतो.

ही पुस्तकी भीती नाही. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात 12 मार्च 1907 रोजी ‘इएना’ ही युद्धनौका दुरुस्तीसाठी गोदीत असताना तिच्या कोठारातली दारू आपोआप पेटली आणि शंभरावर माणसं गेली. चौकश्या झाल्या, वाद झाले, दारू बनवणाऱ्या खात्यानं हात झटकले. मग 25 सप्टेंबर 1911 रोजी त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ फुटली. या खेपेला मृतांचा आकडा शेकड्यांत होता आणि आसपासच्या जहाजांवरची माणसंही त्यात होती. दोन्ही वेळा संशयाची सुई व्हिएयच्या दारूच्या बिघडलेल्या साठ्याकडे गेली. जुनी दारू वापरावी का, हा प्रश्न जगातल्या आरमारांनी तेव्हापासून मनावर घेतला.

उपाय साधा निघाला. दारू बनवतानाच तिच्यात सुमारे एक टक्का डायफेनिलअमाइन किंवा त्याच जातीचं दुसरं स्थिरक मिसळायचं. सुटलेले वायू ते स्वतः शोषून घेतं, त्यामुळे आम्ल साठत नाही आणि विघटनाची साखळी पुढे सरकत नाही. पण हे काम करता करता स्थिरक स्वतः खर्ची पडत जातं. म्हणून या दारूचं खरं वय डब्यावरच्या सालावरून कळत नाही, आत स्थिरक किती शिल्लक आहे त्यावरून कळतं. सैन्याच्या प्रयोगशाळा नेमकं तेच मोजतात. जुन्या काळी नमुना तापवून पोटॅशियम आयोडाइड लावलेल्या कागदाचा रंग किती वेळात बदलतो ते पाहत. आता यंत्रावर स्थिरकाची टक्केवारीच काढतात. ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही त्याला डब्याचा इतिहास विचारावा लागतो, आणि त्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: डबा कुठे होता?

कारण इथे ओलीपेक्षा उष्णता घातक. तापमान दहा अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग दुपटीच्याही पुढे जातो. थंड देशातल्या तळघरात पन्नास वर्षं सुखरूप राहणारी दारू पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तितकी टिकणार नाही. मे महिन्यात दुपारी अशा माळ्यावर हात घालून पाहा, लोखंडी ट्रंक हाताला चटका देते. इंग्रजांनी हिंदुस्थानातला कॉर्डाइटचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला तो निलगिरीत, अरुवनकाडूला, उटीच्या वाटेवर. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. म्हणून परदेशी जाणकार ‘माझी 1960 सालची दारू अजून चालते’ असं सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, पण त्यांचा हवाला आपल्या माळ्याला लागू होत नाही.

बिघडलेली बिनधुराची दारू स्वतःची खूण देते. चांगल्या दारूला ईथर किंवा स्पिरिटसारखा हलका वास असतो. बिघडलेलीचा वास आंबट, झोंबणारा, नाकात टोचणारा. दाण्यांवर तांबूस-तपकिरी धूळ दिसते, विटकरीच्या चुऱ्यासारखी. पत्र्याच्या डब्याच्या आतल्या बाजूला गंज धरतो, काडतुसात असेल तर पितळ आतून हिरवं पडतं आणि मानेशी तडकतं. झाकण उघडताच तपकिरी वाफ दिसली तर परीक्षा तिथेच संपली. डबा जागच्या जागी ठेवून माणसांनी बाहेर पडावं. उलट बाजूही सांगायला हवी. यातली एकही खूण नाही, म्हणजे दारू चांगली आहे असा अर्थ होत नाही. स्थिरक संपत आलेलं असतानाही दाणे कित्येक महिने साळसूद दिसू शकतात.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण हिंदमाता हे नावच मुळी एका सिनेमागृहाचं. साधारण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चित्रपटांच्या फिती ज्या पदार्थाच्या होत्या, तो म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज, जरा सौम्य प्रतीचं. म्हणजे दादर-परळच्या स्टुडिओंत आणि थिएटरांच्या प्रोजेक्शनच्या खोल्यांत त्या काळी जी रिळं फिरत होती, ती काडतुसातल्या दारूची सख्खी चुलत भावंडं. म्हातारपणही तसंच येतं: आंबट वास, चिकटपणा, शेवटी तपकिरी भुकटी. पुण्यात 8 जानेवारी 2003 रोजी जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या शेकडो नायट्रेट चित्रपटांची राख झाली. मूकपटांच्या काळातलं बरंच काही त्यात होतं. दारू जुनी झाली तर टाकून देता येते. या फिती टाकून देता येत नव्हत्या, ही त्यातली शोकांतिका.

बरं, समजा दारू बिघडलेली नाही. मग ती वापरावी का? इथे मतं फुटतात. अनुभवी निशाणबाज म्हणतात, मूळ डबा, मूळ लेबल, थंड कोरडी जागा आणि निर्दोष वास या चार गोष्टी जुळल्या तर वापरायला हरकत नाही. हे म्हणणं त्यांच्यापुरतं रास्त आहे. पण आपल्याकडच्या डब्यात पहिलीच अट मोडते. डबा बोर्नव्हिटाचा असतो आणि आत दारू कोणती, हे सांगणारं माणूस हयात नसतं. बिनधुराच्या दारूच्या शेकडो जाती आहेत. पिस्तुलाची भराभर जळते, मोठ्या रायफलीची सावकाश. दिसायला सारख्या, वजनाला सारख्या, पण एकीच्या मापानं दुसरी भरली तर नळीतला दाब कित्येक पटींनी वाढतो. काळ्या दारूसाठी घडवलेल्या ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू ओतणं म्हणजे तर हातात बाँब धरणं. गावठी बंदुका फुटून बोटं गेल्याच्या हकिकती कोकणात कोणत्याही जाणत्या माणसाला विचारा. नाव हरवलेली दारू, मग ती कितीही ठणठणीत असो, दारू म्हणून संपली असंच धरायला हवं. या मुद्द्यावर मला दुसरी बाजू दिसत नाही.

जुन्या काडतुसांचं दुखणं आणखी निराळं. कागदी नळीची बारा बोअरची काडतुसं पावसाळ्यात फुगतात. फरक केसभरच पडतो, पण तेवढ्यानं काडतूस नळीत बसत नाही. मग कोणी ते अंगठ्यानं दाबतो, कोणी काठीनं ठोकतो. मागची टोपी, म्हणजे जिच्यावर घोडा आपटतो ती, ओलीनं मंदावलेली असते. घोडा पडतो आणि काही होत नाही. माणूस बंदूक उघडून आत डोकावतो आणि त्याच वेळी बार निघतो. दाबलेला बार उशिरानं उडणं हा जुन्या काडतुसांचा सगळ्यात वाईट गुण. म्हणून बार न झाल्यास नळी निर्धोक दिशेला धरून निदान मिनिटभर तशीच ठेवतात. त्याच्या उलट गुण फुसक्या बाराचा. आवाज होतो, पण गोळी नळीतच अडकते, लक्षात येत नाही, आणि पुढच्या बाराला नळी फाटते. आपण ‘फुसका बार’ हसण्यावारी नेतो. नळीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तो हसण्यासारखा नसतो.

फटाक्यांचं थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी जुनी दारू असते ती खरं तर या रूपात. दिवाळीनंतर उरलेले सुतळी बाँब, पाऊस, भुईचक्रं माळ्यावर जातात आणि पुढच्या गणपतीत मिरवणुकीला बाहेर निघतात. बहुतेक सर्दावलेले असतात आणि तेवढंच त्यांचं पाप. पण पांढऱ्या रोषणाईच्या फटाक्यांत ॲल्युमिनियमची पूड असते आणि ओलीत ती तापण्याची शक्यता असते, म्हणून ओले फटाके तव्यावर किंवा गॅसजवळ ‘शेकवण्याचा’ उद्योग अजिबात करू नये. गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणाचे फटाके भारतात 1992 पासून बंद आहेत, कारण ते नुसत्या घर्षणानंही उडतात. त्याआधीचं काही ट्रंकेतून निघालं तर त्याच्याशी खेळू नका. एरवी न उडणारे फटाके बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि सफाई कामगाराला सांगून वेगळे द्या. तो हातानं कचरा वेचतो, हे विसरू नका.

आता थोरल्याचा प्रश्न. किंमत येईल का?

जगात एका माणसानं जुन्या दारूवर साम्राज्य उभं केलं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारकडे दारूचे डोंगर उरले होते आणि ते जाळून टाकण्याचा बेत चालला होता. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन या गृहस्थानं ती घाऊक विकत घेतली आणि छोट्या मापांत शौकिनांना विकली. वीस मिलिमीटरच्या तोफेच्या काडतुसांतून काढलेली एक दारू त्यानं अशीच खपवली आणि तिच्या नावाची नवी दारू आजही त्याच्या कंपनीच्या यादीत आहे. जुनी दारू म्हणजे सोनं, ही समजूत तिथून आली.

त्याच देशातली दुसरी कथा कमी सांगितली जाते. लुईझियाना राज्यातल्या कँप मिंडेन इथे सैन्याची जुनी तोफांची दारू विल्हेवाटीसाठी एका खासगी कंपनीकडे दिली होती. कंपनीला दारू काढण्याचे पैसे मिळणार होते, वर ती विकून आणखी मिळणार होते. गिऱ्हाईक मिळालं नाही. माल साठत गेला, खोक्यांच्या थप्प्या उघड्यावर आल्या. ऑक्टोबर 2012 मध्ये एका कोठाराचा स्फोट झाला तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं की तिथे सुमारे 68 लाख किलो दारू बेवारस पडून आहे. ती बंद भट्टीत जाळून संपवायला 2017 साल उजाडलं, आणि तो खर्च सरकारच्या अंगावर आला. मला हीच कथा जुन्या दारूच्या बाजाराची खरी कथा वाटते. हॉजडनला दारू मिळाली ती युद्धकाळातली ताजी, नोंदी असलेली आणि मागणी असलेल्या देशात. यातली एक गोष्ट जरी काढून घेतली तरी दारूची किंमत शून्यावर थांबत नाही, खाली उतरते.

महाराष्ट्राला याची किंमत ठाऊक आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, भंडारा आणि वरणगाव 1960 च्या दशकातले. दारू बनवणं, साठवणं आणि नष्ट करणं या तिन्ही गोष्टी आपल्या राज्यात होतात. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात 31 मे 2016 च्या पहाटे आग लागली. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होतं, असं नंतर सांगण्यात आलं. ही काडतुसातली दारू नव्हे, पण जुना माल वेळेवर न काढल्याचाच हा प्रकार. दोन अधिकारी आणि अनेक जवान, अग्निशमन कर्मचारी त्या रात्री गेले. पुढे 20 नोव्हेंबर 2018 ला त्याच परिसरात सोनेगाव (आबाजी) शिवारात मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करण्यासाठी पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. जुन्या दारूगोळ्यात दारूला मोल नसतं, पितळ-तांब्याला असतं, आणि त्या भंगाराच्या आशेनं गरीब माणूस जवळ जातो.

तुमच्या डब्यापुरतं बोलायचं तर हिशेब सरळ आहे. दारूला कायदेशीर गिऱ्हाईक नाही. परवानाधारक विक्रेता बिनलेबलाची दारू विकत घेणार नाही आणि बिनपरवाना माणसानं घेतली तर तुम्ही दोघंही आरोपी. डब्याला मात्र कधीकधी मोल असतं. कर्टिस अँड हार्वेसारख्या विलायती कंपन्यांचे रंगीत छापाचे जुने डबे, इली-किनॉकची काडतुसांची खोकी, शिंगाचं दारू ठेवायचं पात्र, पितळी माप या वस्तू संग्राहक घेतात. त्या रिकाम्या असल्या पाहिजेत, आणि रिकामं करायचं काम तुमचं नव्हे. बागेत खत म्हणून टाका, असंही कोणी सुचवेल. त्यात नायट्रोजन असतो हे खरं, परदेशात काही जण चिमूटभर हिरवळीवर टाकतातही. तुमच्या मजल्यावर हिरवळ नाही, तुळशीची कुंडी आहे. संडासात किंवा गटारात ओतू नका. हिंदमात्याची गटारं पहिल्या पावसात काय काय परत देतात ते आपण दरवर्षी पाहतो.

कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण लोक घाबरतात ते नेमके इथे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली की घरातली बंदूक आणि दारूगोळा बाळगणं बेकायदा होतं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 नुसार अशा वेळी विनाविलंब तो माल जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा असतो, आणि हे कर्तव्य वारसांनाही लागू आहे. म्हणजे जमा करणं ही कबुली नाही, कायद्यानं दाखवलेली वाट आहे. कोकणात निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, पावत्या फाटतात, निकालानंतर परत मिळतात. ही सवय गावात आहे. मुंबईतल्या नातवंडांना ती नाही, म्हणून डबा पिशवीत घालून कोकणकन्येनं गावी पोचवण्याचा बेत होतो. रेल्वेतून स्फोटक नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि सोबतच्या प्रवाशांवरचा अन्याय आहे.

तेव्हा माळ्यावरून असा डबा निघाला तर तो हलवू नका, उघडून चाळू नका, फोटो काढायलाही जवळ घेऊ नका. मुलांना आणि देव्हाऱ्यातल्या समईला लांब ठेवा, विडी-सिगारेट बंद करा. भोईवाडा, काळाचौकी, जे ठाणं जवळचं असेल तिथे फोन करा, नाहीतर 112 लावा. डबा केवढा, दाणे आहेत की काडतुसं, आंबट वास येतो का, गंज दिसतो का, यातलं जेवढं आधीच लक्षात आलं असेल तेवढं सांगा. गरज वाटली तर ते बाँबशोधक व नाशक पथकाला बोलावतील. आजोबांच्या परवान्याची जुनी वही सापडली तर ती दाखवा, तिनं निम्मे प्रश्न सुटतात. आणि माल ताब्यात दिल्यावर जमा केल्याची लेखी पावती मागून घ्या, तिची झेरॉक्स काढून घराच्या कागदपत्रांत ठेवा.